खिशातला फ्यूज

आमच्या शेजारचे नाना घराबाहेर पडताना कुलूप नंतर लावतात; आधी मेन फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. धुळ्याच्या बाजारात ते वांगी निवडत असले, तरी चिनी मातीचा तो पांढरा तुकडा त्यांच्या खिशातून डोकावत असतो. त्यांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात गेली. लाइनीवर काम करायचं तर फ्यूज स्वतःच्या खिशात हवा, दुसऱ्याच्या शब्दावर राहायचं नाही, हा तिथला नेम त्यांनी घरीही आणला. "कोन कधी बटन दाबी दी, भरोसा शे का?"

"माले डाउट शे" हे त्यांचं पालुपद. दूधवाला हसला तर डाउट, नाही हसला तर जास्तच. मी पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून मला ते 'मास्तर' म्हणतात. मी एकटाच राहतो, नानाही एकटेच. ते रोज माझ्याकडे चहाला येतात आणि मी घोट घेतल्याशिवाय कपाला हात लावत नाहीत.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लेक जळगावला असते, तिच्याकडेच महिनाभर राहायचं होतं. पण नाना हलेनात. त्यांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आणि छोटासा कॅमेरा मागवला होता; परगावाहूनही मोबाइलवर घर दिसावं म्हणून, असं मला वाटलं. या कॉम्प्युटरची सगळी अक्कल नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. लॅपटॉपवरून ती कार्डावर लिहायची आणि कार्ड त्याच्यात खोचायचं. "हाई चालू व्हवाशिवाय मी जावाव नही," नानांनी जाहीर केलं. लेक तारखा पुढे ढकलत होती आणि इकडे डोळा दुधाळ होत चालला होता.

कॉम्प्युटर काही चालू होईना. टीव्हीला जोडला की पडद्यावर इंग्रजी ओळी धावायच्या आणि शेवटी तेच रडगाणं यायचं: फाइल सिस्टीम एरर. आत्ताच लिहिलेलं कार्ड, आणि म्हणे त्यातलं वाचता येत नाही! नानांनी आधी दुकानदाराला धरलं. "डुप्लिकेट कार्ड दिन्हं माले." दुसऱ्या दुकानातून कार्ड आणलं, त्याचीही तीच गत झाली. "बठ्ठा मिळेल शेतस!" म्हणजे सगळेच सामील. मग चार्जरवर संशय, मग वायरवर, आणि शेवटी माझ्यावर. "मास्तर, काल तू हात लावना व्हता."

त्यातच ते कार्ड लॅपटॉपात परत घातलं, की लॅपटॉप विचारायचा, वापरण्याआधी फॉरमॅट करू का? नाना उसळले. "आत्तेच तं लिखं, आनि आत्तेच पुसाले सांगस! हाऊ कोना मानूस शे?"

एका सकाळी मी वैतागून त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, माझ्यासमोर लिहा. नाना पडद्याला नाक लावून बसले. पट्टी सरकत शंभरावर पोचली आणि मी तोंड उघडायच्या आत नानांनी कार्ड खस्सकन उपसून फ्यूजच्या खिशात टाकलं.

"अहो नाना, काय केलंत?"

"काम झायं, काढी लिधं. आते कोनी हात लावाव नही."

"काम कुठं झालंय? लिहिलेलं कार्डावर नीट उतरलंय का, ते लॅपटॉप अजून तपासतोय. तो सांगेल तेव्हा काढायचं."

"तो सांगी आनि मी आयकू?"

"तुमच्यासारखाच आहे तो. स्वतःच्या लिहिण्यावरसुद्धा त्याला डाउट आहे."

"असं शे का?" नानांनी पहिल्यांदाच लॅपटॉपकडे आदरानं पाहिलं. पुन्हा लिहायला लावून ते हात पाठीमागे बांधून बसले.

तपासणी संपल्यावर कार्ड छोट्या कॉम्प्युटरात खोचलं. या वेळी टीव्हीवर ओळी धावल्या, एरर आली नाही, आणि खिडकीत लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र उमटलं. माझं फाटक! त्याला लटकलेली दुधाची पिशवीही दिसत होती. गडबडीत ती आत घ्यायची राहिली होती. माझं डोकंच फिरलं.

"नाना, स्वतःचं घर सोडून माझ्या दारावर पहारा? मी काय चोर आहे?"

नाना चष्मा काढून पुसू लागले. "दीपनगरले मना शेजारना क्वार्टरमा मना जोडीदार एकटाच राहे. एक दिन त्यानी दूधनी पिशवी दारले लटकेल दिखनी. मी म्हनं, गावले गया व्हई. दुसरा दिन बी लटकेलच व्हती. मंग दार तोडं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बठ्ठासवर डाउट लिधा मी, मास्तर. त्या पिशवीवर लिधा नही."

मी पडद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं.

"तू बी एकटा शे. रोज खिडकीमाईन देखस मी. आते जळगावमाईन कसा देखू?"

मी घरी गेलो आणि दूध आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी नाना निघाले. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, रिक्षात बसले. त्यांच्या सदऱ्याचा खिसा रिकामा होता. फ्यूज काढला असता तर कॅमेरा बंद पडला असता.

ऑपरेशन नीट पार पडलं. एका डोळ्याला पट्टी, दुसरा मोबाइलवर, असे नाना सध्या जळगावला आहेत. रोज सकाळी फोन येतो.

"पिशवी आजून लटकेल शे. उठना का?"

"उठलो, नाना."

"माले डाउट शे. फाटकपान ये, हात हालाड."

मी फाटकाशी जातो, पिशवी काढतो आणि त्यांच्या बंद घराच्या खिडकीकडे बघून हात हलवतो. खरं तर मी पहाटेच उठलेला असतो. पण हल्ली फोन येईपर्यंत दूध बाहेरच राहू देतो.