महालक्ष्म्यांच्या खुर्च्या

नरसिंहराव कॉलेजातून घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीतून त्यांच्या दोन खुर्च्या गेल्या होत्या आणि दोन महालक्ष्म्या आल्या होत्या.

महालक्ष्म्या येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या दर भाद्रपदात येतात. बंगळुरात, बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात आठवडाभर तयारी चालली होती आणि नरसिंहरावांनी आठवडाभर तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण खुर्च्या? "कुणी हात लावायचा नाही" असं बजावून सकाळी कोपऱ्यात ठेवलेल्या खुर्च्या?

"हेमा, माझ्या खुर्च्या कुठं आहेत?"

"तिथंच आहेत की," हेमलताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मला कशा दिसत नाहीत?"

"कशा दिसतील? त्यांच्यावर बसल्यात ना!"

"कोण बसलंय?"

"कोण म्हणजे काय? महालक्ष्म्या!"

दरवर्षी ज्या पत्र्याच्या ट्रंकांवर देवी बसत त्या रिकाम्या होऊन भिंतीशी पडल्या होत्या. त्यांतल्या एकीवर नरसिंहराव मटकन बसले.

"त्या ट्रंकांची उंची काही सारखी नाही," हेमलताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "दरवर्षी आपली धाकटी ठेंगणी दिसते. विटा लावा, पाट लावा. तुमच्या खुर्च्या बघा कशा, सूतभर फरक नाही! मी आईंना म्हटलंसुद्धा, एवढं शिकून एक तरी वस्तू घराच्या उपयोगाची केली यांनी."

आता या बाईला काय सांगायचं? नरसिंहराव एका सरकारी तांत्रिक कॉलेजात डिझाइन विभाग चालवत. चालवत म्हणजे काय, ओढत. एक खोली, मूठभर विद्यार्थी आणि या दोन खुर्च्या, एवढाच विभागाचा संसार. पण खुर्च्या अशा की त्यांत एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. नुसतं लाकूड आणि चिकपेटेच्या बाजारातून आणलेला काथ्याचा दोर. माणूस बसला की त्याच्याच वजनानं दोर आवळायचा आणि खुर्ची आणखी घट्ट व्हायची. खेड्यातल्या शाळांसाठी म्हणून नरसिंहरावांनी ती दोन वर्षं खपून रचली होती.

आणि ती घरी का आणली होती? तर कॉलेजात मोकळी खुर्ची म्हणजे ज्याला हवी त्याची! पहिला नमुना हिशेबखात्यानं पळवला. दुसरा परीक्षेच्या हॉलमध्ये गेला आणि तीन पायांवर परत आला. म्हणून ही जोडी त्यांनी टांग्यात घालून घरी आणली, सुरक्षित राहावी म्हणून. राहिली बरं का सुरक्षित! वर शालू, खाली निऱ्या, पुढे रांगोळी.

"हेमा, उद्या क्युबाहून प्राध्यापिका येतायत या खुर्च्या बघायला. त्यांनी चार बरे शब्द सांगितले तर विभाग राहणार आहे. नाहीतर खोली इलेक्ट्रिकलवाल्यांना, आणि मी परत पहिल्या वर्षाच्या पोरांना शंकू काढायला शिकवणार. कळतंय का तुला?"

"मग हे सकाळी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं! हात लावू नका म्हणून सांगितलं होतं!"

"ते तुम्ही रेडिओबद्दलही सांगता, तुमच्या छत्रीबद्दलही सांगता."

नरसिंहराव उठले. हळूच एक खुर्ची ओढून घ्यायची आणि ट्रंक सरकवायची, एका मिनिटाचं काम. त्यांनी थोरलीच्या निऱ्यांकडे हात नेला मात्र, मागून अंबूबाईंचा आवाज आला.

"नरसू! हात काढ आधी!" नरसिंहरावांच्या मातोश्री मूळच्या धारवाडच्या. वय झालं तरी आवाज तस्साच खणखणीत होता. "पायसुद्धा धुतले नाहीस, आणि देवीच्या निऱ्यांना हात लावतोयस?"

"आई, पाहुणी येतेय गं उद्या."

"येऊ दे की. आमच्या पाहुण्या आधी आल्यात."

नरसिंहराव तसेच तरातरा भीमाचार्यांकडे गेले. घरचे भटजी, दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तपकीर ओढली आणि म्हणाले, "आसन बदलता येतं की."

"येतं?" नरसिंहरावांचा जीव भांड्यात पडला.

"परवा. मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की खुशाल बदला."

"आचार्य, मला उद्या सकाळी हव्यात हो!"

"उद्या त्यांचं जेवण. माहेरी आलेल्या मुलींना भरल्या ताटावरून उठवता काय, राव? एकदा हलवल्या की त्या गेल्या असं समजायचं. मग बसा पुढच्या भाद्रपदापर्यंत वाट बघत."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापिका मार्ता वाल्देस ठरल्या वेळी कॉलेजात हजर झाल्या. ठेंगण्या, आखूड केसांच्या, डोळ्यांवर जाड चष्मा आणि अंगात खाकी पँट. सोबत प्रिन्सिपॉल हयवदनराव होते. हयवदनरावांचं डिझाइनशी काही वैर नव्हतं, पण रिकाम्या दिसणाऱ्या खोलीशी होतं, आणि खोली आज अगदीच रिकामी दिसत होती.

नरसिंहरावांनी घाईघाईनं नकाशांची गुंडाळी उलगडली. मार्ताबाईंनी ती तितक्याच झटकन पुन्हा गुंडाळली.

"कागद नको," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "दिल्लीपासून मी कागदच बघतेय आणि भाषणं ऐकतेय. आम्हाला हवानाच्या विद्यापीठात हा विषय नव्यानं उभा करायचाय. आमच्याकडे बाहेरून खिळा येत नाही, स्क्रू येत नाही. माझी मुलं अर्धा दिवस वर्गात असतात, अर्धा दिवस कारखान्यात, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच. जे मिळत नाही त्याच्यावाचून वस्तू करायची कशी? तुमची खुर्ची दाखवा."

"ती घरी आहे."

"घरी का?"

"तिच्यावर... बसलेत."

"वा! कोण?"

"पाहुण्या आल्यात."

"मग त्या उठेपर्यंत आपण थांबू."

"त्या उद्या उठतील," नरसिंहराव पडेल आवाजात म्हणाले.

मार्ताबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझं विमान आज संध्याकाळी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. हयवदनरावांचा मात्र पारा चढला. त्यांनी नरसिंहरावांना बाजूला ओढलं आणि कन्नडमध्ये फैलावर घेतलं. "काय चेष्टा चालवलीय? उद्यापर्यंत न उठणाऱ्या या कोण पाहुण्या?"

"महालक्ष्म्या, सर."

हयवदनरावांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. "अय्यो! मुट्टबेडी, मुट्टबेडी! अजिबात हात लावू नका त्यांना!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज जेवण असेल ना त्यांचं? सरी, सरी. आपणच दर्शनाला जाऊ."

असा सगळा लवाजमा कॉलेजच्या गाडीतून बसवनगुडीत आला. अंबूबाईंनी दारातच मार्ताबाईंना नखशिखांत न्याहाळलं.

"नरसू, हिला नवरा आहे काय विचार."

"आई! त्या विद्यापीठात शिकवतात!"

"मग? शिकवणाऱ्यांना नवरा नसतो होय? नीलाला जेवायला सांगितलं होतं, तिची ऐनवेळी अडचण झाली. एक सवाष्ण कमी पडतेय."

नरसिंहरावांनी कानकोंडं होऊन विचारलं. मार्ताबाई हसल्या. "आहे. साखर कारखान्यात इंजिनिअर आहे."

"साखर कारखान्यात!" अंबूबाई एकदम विरघळल्या. "बस म्हणावं पानावर. पण खुर्ची बघायची तर रांगोळीच्या अलीकडून. आणि निरी जरा वर उचलायची तर ती तू उचलायची. अंघोळ करून, सोवळं नेसून ये."

नरसिंहरावांनी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं दिली होती. सुटाबुटात दिली होती, टाय लावून दिली होती. पण डोक्यावरून पाणी निथळतंय, अंगावर लाल मुकटा आहे, बाकी सगळं उघडं आहे, अशा थाटात परदेशी पाहुणीपुढे काथ्याच्या दोराबद्दल बोलायची वेळ आजच आली होती. त्यांनी डोळे मिटून देवीची क्षमा मागितली, शालूची कड वीतभर उचलली आणि इंग्रजीत सुरुवात केली, "आता हा पुढचा डावा पाय बघा..."

"दिसत नाही," मार्ताबाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून बॅटरी काढली आणि सरळ रांगोळीच्या अलीकडे पालथ्या पडल्या. हात पुढे, कपाळ जवळजवळ जमिनीला टेकलेलं.

नेमकी त्याच वेळी शेजारची प्रेमा चार बायकांना घेऊन हळदीकुंकवाला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगंबाई! साष्टांग नमस्कार!"

"बायकांनी घालायचा नसतो," अंबूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण एवढ्या लांबून आलीय. तिला कोण बोलणार? भाव बघा तिचा."

खरंच, भाव काही औरच होता. बाई उठायलाच तयार नव्हत्या. पडल्यापडल्या बॅटरी फिरवत होत्या, कागदावर दोराचे वेढे काढत होत्या आणि मधूनच "आहा!" करत होत्या. प्रत्येक "आहा!"ला प्रेमा डोळे पुसत होती. हयवदनराव कोपऱ्यात हात जोडून उभे होते. नरसिंहरावांचा उचललेला हात भरून आला होता, पण शालू खाली सोडायची सोय नव्हती.

"हे छान आहे," मार्ताबाई जमिनीवरून म्हणाल्या. "पण बसून बघितल्याशिवाय कसं कळणार? ही भार किती पेलते?"

संपलं! नेमकी ही एकच गोष्ट आज दाखवता येण्यासारखी नव्हती.

"काय म्हणतेय ती?" अंबूबाईंनी विचारलं.

"खुर्ची वजन किती पेलते म्हणून विचारतायत."

"अरे, साऱ्या जगाचा भार जिच्यावर, ती वर बसलीय! आणखी काय पेलायचं राहिलंय? सांग तिला."

नरसिंहरावांनी भाषांतर केलं, "नेहमीच्या वापरापेक्षा बऱ्याच जास्त भाराची चाचणी सध्या चालू आहे."

मार्ताबाईंनी वर त्या भरजरी शालूंकडे, मुखवट्यांकडे, पुढे मांडलेल्या फराळाच्या राशींकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग त्या उठल्या. नाकाला रांगोळी लागली होती. हेमलताबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, पानावर बसवलं. त्यांनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली.

निघताना त्या हयवदनरावांना म्हणाल्या, "मी गावोगाव काचेच्या कपाटात ठेवलेले नमुने बघितले. घरात, रोजच्या माणसांमध्ये, वापरात असलेला हा पहिलाच. हा विभाग बंद करू नका. तसं मी वरही कळवणार आहे."

"छे, छे! बंद कसला!" हयवदनराव म्हणाले. त्यांची नजर अजून महालक्ष्म्यांकडेच होती.

विभाग वाचला. नरसिंहरावांना त्या रात्री बऱ्याच महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. पण विसर्जनानंतर खुर्च्या कॉलेजात न्यायची वेळ आली, कारण शिक्षणखात्याचे संचालक स्वतः बघायला येणार होते, आणि अंबूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"देवी गेली म्हणून तिची जागा माणसाची होते होय? तिथं उद्या कुणीही बसायचं?"

"आई, ती खुर्ची आहे गं. खुर्ची बसण्यासाठीच असते."

"बसली की देवी! आणखी किती बसायचं?"

शेवटी देवापुढे हात ठेवून, "कुणाला बसू देणार नाही" अशी शपथ घ्यावी लागली, तेव्हा कुठं खुर्च्या घराबाहेर पडल्या. कॉलेजात तर बातमी आधीच पोचली होती. शिपाई मल्लाप्पानं खोली झाडून, दारात पाणी शिंपडून, खुर्च्यांना झेंडूचा हार घालून ठेवला. संचालक आले, त्यांनी बूट बाहेर काढले, खुर्च्यांना हात लावून तो डोळ्यांना लावला आणि दोराबद्दल चकार शब्द न विचारता गेले. इलेक्ट्रिकलवाल्यांनी खोलीचं नाव पुन्हा काढलं नाही. हिशेबखातं एरवी स्टूलसुद्धा सोडायचं नाही, तेही लांबूनच नमस्कार करून जायला लागलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर विभागाच्या दारात अशी रांग लागायची की वर्ग घेणं मुश्कील व्हायचं.

नरसिंहरावांचं डोकं फिरायची वेळ आली. ज्या खुर्चीवर गावाकडचं कुठलंही पोर येऊन बसावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्या खुर्चीवर अख्ख्या बंगळुरात एक माणूस बसायला तयार नव्हता. त्यांनी हट्टानं नव्या दोन खुर्च्या करवून घेतल्या. मल्लाप्पानं त्यांनाही गंध लावलं.

"मल्लाप्पा, अरे या नव्या आहेत! यांच्यावर कुणी बसलेलं नाही!"

"असू दे की, सर. त्याच घराण्यातल्या आहेत."

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्याच सुमाराला हवानाहून एक मोठं पाकीट आलं. आत फोटो. विद्यापीठाचं अंगण, मधोमध मार्ताबाई, आणि त्यांच्या भोवती ओळीनं नरसिंहरावांच्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक पोरगा नाहीतर पोरगी. कुणी पायावर पाय टाकून, कुणी उलटं बसून, एकजण मागच्या दोन पायांवर झुलतोय, एकजण केळं खातोय. नरसिंहराव किती तरी वेळ बघत राहिले.

"मल्लाप्पा, बघ! बसलीत रे! माणसं बसलीत!"

त्यांनी स्वतः चिकपेटेत जाऊन फोटोला चौकट करवून घेतली आणि तो फळ्याशेजारी लावला. मग तोंडावर पाणी मारायला म्हणून बाहेर गेले आणि परत आले. तेवढ्यात मल्लाप्पानं चौकटीला हार घातला होता, खाली उदबत्ती लावली होती आणि काचेवर, एकेका पोराच्या कपाळाशी बरोबर नेम धरून, कुंकवाची बोटं टेकवली होती. केळं खाणाऱ्यालासुद्धा सोडलं नव्हतं.

नरसिंहरावांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, आणि खडू उचलून उभ्याउभ्याच शिकवायला सुरुवात केली.