सतरा घरांची बिस्किटं

मी संगणक अभियंता आहे. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या ऑफिसात बसून मी तीन देशांतली गोदामं सुरळीत चालवतो. त्यामुळे सासुरवाडीची बेकरी सुधारणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता!

सासरे हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत आचारी. जयपूरला निवृत्त झाले आणि शहरापासून तासाभरावरच्या खेड्यात त्यांनी भट्टी बांधली. त्याला तीस वर्षं झाली. गावातल्या बायका घरचं पीठ, घरच्या म्हशीचं तूप आणि गूळ डब्यातून आणतात आणि संध्याकाळी त्याच मालाची बिस्किटं घेऊन जातात. नवी सून आली की तिचा पहिला डबाही इथंच येतो. एका घरचं तूप दुसऱ्या घरच्या डब्यात कधी गेलं नाही, यावरच ही बेकरी उभी आहे.

ओळख पटावी म्हणून सासूबाई, म्हणजे मालनबाई, प्रत्येक घराच्या बिस्किटावर वेगळी खूण दाबायच्या. कुणाची किल्ली, कुणाची बांगडी, कुणाची नुसती दोन बोटं. मला ते फारच मागासलेलं वाटलं. दिवाळीआधीच्या रविवारी मी खुणा बंद केल्या आणि सतरा ट्रेंवर सुबक छापील नंबर चिकटवले. नंबर कागदाचे होते. भट्टी लाकडाच्या जाळाची होती.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र ट्रे बाहेर आल्यावर आलं! काढताना मागचे पुढे झालेले, बिस्किटं सगळी सारखी, आणि दारात बायका डबे घेऊन उभ्या. सासरे पांढरेफटक पडले.

"पावनं, तीस वर्सांत कुनाला खोटं द्यायची येळ आली न्हाई," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी पदर खोचला. पहिल्या ट्रेमधलं बिस्किट मोडलं, हुंगलं, खाल्लं. "ह्ये सुलोचनाजींचं. त्यांची म्हस सरकी खाती." पुढचं खाल्लं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "ह्ये सरपंचांचं. तूप इकतचं हाय, बोलू नगा कुटं." अशी सतरा घरं! एकदाही अडखळल्या नाहीत. बायकांनी चव घेतली, माना डोलावल्या आणि डबे भरून नेले. काय बाई आहे ही! माझ्या तिन्ही देशांत मिळून अशी यंत्रणा नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

तेव्हापासून गाव माझ्याशी फार प्रेमानं वागतं. रविवारी मी बेकरीत दिसलो की प्रत्येक बाई डबा पोटाशी घट्ट धरते आणि अतिशय आदरानं विचारते, "जंवाईसा, वापस कब जा रहे हो?"