शमीमआपांची हुज्जत

यंत्रावर चिडणारी माणसं भिवंडीत गल्लोगल्ली सापडतील. पण यंत्र आपल्याशी भांडत नाही म्हणून चिडणारं माणूस मी एकच पाहिलंय, आमच्या शमीमआपा.

आमचं ऑफिस कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर बनवतं. हल्ली बरंचसं एआयच लिहितो. आम्ही त्याला हुकूम सोडतो आणि डबा उघडतो. सगळ्यांत सीनियर असलेल्या आपा मात्र ओढणी सारखी करून वकिलासारख्या समोर बसतात.

"लिहिलंस ते ठीक. पण असंच का?"

एआय लगेच माफी मागतो, वर 'तुमचं अगदी बरोबर आहे' म्हणतो. झालं!

"अरे, मी अजून बोललेच कुठे? हो ला हो नको करूस, हुज्जत घाल!"

एकदा त्यांनी सकाळी एक उपाय सुचवला, तो म्हणाला उत्तम. दुपारी बरोब्बर उलटा सुचवला, तो म्हणाला हा तर आणखी उत्तम. आपांनी लॅपटॉप धाडकन मिटला. "नवा जावई आहे हा. सासरी वाढाल ते छानच म्हणणार!"

काम तर होतंय, मग या बाईला भांडण कशाला हवंय, हे मला काही केल्या कळेना.

परवा एका कारखान्याला नवा प्रोग्राम द्यायचा होता. एआयने लिहिला, आपांनी तपासला, सगळं पास. मी सहज चाळताना अडखळलो. आपल्याकडे लूम शुक्रवारी बंद, म्हणून शुक्रवार सुट्टी धरली होती. पण आमच्या चाळीतले लूमवर काम करणारे भाडेकरू गुरुवारी रात्रपाळीला जातात, ते शुक्रवारी सकाळी परततात. रात्री बारा वाजले की प्रोग्राम त्यांना सुट्टीवर पाठवत होता. माणूस लूमवर उभा आणि त्याची अर्धी रात्र गायब.

सगळे घरी निघाले होते. मीही बॅग खांद्याला लावली होती, पण पाय निघेना.

"आपा, हे चुकलंय. एआयचं आणि तुमचंपण."

आपांनी चष्म्यावरून पाहिलं. "बारा वाजले की तारीख बदलते. चूक कसली?"

"तारीख बदलली, पाळी न्हाय बदलली! माणूस तिथंच हाय ना?" घाबरलो की माझ्या तोंडी गावची बोली येते.

मग अशी जुंपली की चहावाला दारातूनच परत गेला. त्यांनी टेबलावर हात आपटला, मीही आपटला. शेवटी आपांनी पुन्हा एकदा सगळं वाचलं, मान हलवली आणि पाळी सुरू झाली त्याच दिवशी हजेरी धरायची, अशी दुरुस्ती केली. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. बघतो तर आपा हसत होत्या, आणि डोळे भरले होते.

"अम्मी गेली ना, तेव्हापासून मला कुणी 'चुकलीस' म्हटलंच नाही रे. घरी मोठी मी, इथं मोठी मी. जो तो आपलं 'बरोबर आपा, बरोबर आपा.' किती एकटं वाटतं, माहितेय?"

मला फार वाईट वाटलं. मी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली.

"आपा," मी म्हटलं, "पुढच्या पानावरपण मला जरा शंका हाय."