साळव्यांचं मधलं मशीन

साळव्यांच्या एका पायात नवी चप्पल असायची आणि दुसऱ्या पायात जुनी. आठवडाभर डावी नवी, मग उजवी. ऑफिसात सगळे हसायचे. "दोन्ही पायांना एकदम फोड आले तर चालायचं कशावर?" असं ते उलट विचारायचे आणि उत्तर यायच्या आत उठून दुसऱ्या टेबलाशी गेलेले असायचे.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या बियाणे कंपनीचं ऑफिस होतं. मी व्यवस्थापक. साळवे कॉम्प्युटर आणि वायरी बघायचे. नवं वर्ष लागलं तरी महिनाभर जुनं कॅलेंडर नव्याच्या शेजारी टांगलेलं ठेवायचे. नव्या हॉटेलात चहा घ्यायचा तर आधी नेहमीच्या हॉटेलात अर्धा कप पिऊन जायचे. "नव्याला आधी उभं राहू द्या, मंग जुन्याला बसवा," हे त्यांचं पालुपद.

दोन हजार सालच्या आसपास ऑफिसात इंटरनेट आलं, तोवर मलाही हे सगळं गमतीचंच वाटत होतं.

आमचे सात डेपो रोज संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून, एका जुन्या प्रोग्रॅमवर, किती बियाणं शिल्लक आहे ते कळवायचे. आता ते सगळं इंटरनेटवर न्यायचं होतं, आणि संचालकांना ते एका दिवसात हवं होतं. साळवे म्हणाले, "न्हाई जमणार. एक डेपो अडला की सातही अडतील." त्यांनी अडगळीतला एक कॉम्प्युटर काढला आणि जुन्या-नव्याच्या मध्ये बसवला. जुन्या पद्धतीनं आलेला निरोप तो नव्या पद्धतीत करून पुढे द्यायचा, नव्याचं उत्तर जुन्याला कळेल असं करून मागे. म्हणजे ज्या डेपोला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं बदलावं, बाकीच्यांना पत्ताही लागू नये. त्याला ते 'मधलं मशीन' म्हणायचे आणि दिवसातून दहा वेळा त्याच्या पाठीवर हात ठेवून ताप बघायचे.

वर्षभरात सहा डेपो असेच, काही गाजावाजा न होता, नव्यावर गेले. राहिलं आमच्याच जिल्ह्यातलं टेंभुर्णी. तिथे गणपतमामा होते. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला. कॉम्प्युटरचा पडदा त्यांना धड दिसायचा नाही, पण जुन्या प्रोग्रॅमची प्रत्येक कळ बोटांना पाठ होती.

"टेंभुर्णीचं काय करून राह्यले, साळवे?" मी रोज विचारायचो.

"मामा शिकून राह्यले. नव्या प्रोग्रॅमचा एक पडदा झाला, दोन बाकी."

"जल्दी करा हो."

"जल्दी केली तर मामा घरी बसतील, साहेब."

ते खरं होतं. ज्याला नवं जमणार नाही त्याच्या जागी दुसरा माणूस, असं संचालकांनी सांगूनच ठेवलं होतं.

संचालक पाहणीला येणार होते. मी आधीच त्यांना 'सर्व डेपो नव्या पद्धतीवर' असं कळवून बसलो होतो. ते खोटं होतं. खोटं उघडं पडू नये म्हणून त्या सकाळी, साळवे एका डेपोची वायर बघायला बाहेरगावी मुक्कामाला गेलेले असताना, मी मधल्या मशीनचा प्लग काढला आणि मशीन कपाटात ठेवलं. संध्याकाळच्या आत पुन्हा लावू, असा माझा हिशोब. संचालक मुक्कामालाच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते निघून जातात न जातात तोच गणपतमामा एसटीनं येऊन दारात उभे. काखेत टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड.

"साहेब, माझ्या हातून कायतरी भलतं दबलं. काल संध्याकाळपासून मशीन बोलूनच न्हाई राह्यलं. बोटं आता बराबर पडत न्हाईत माझी."

मी कागद चाळत राहिलो. नुकत्याच परतलेल्या साळव्यांनी मधल्या मशीनच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा, तुमचं काही चुकलं न्हाई. माझ्याच मशीनची खराबी हाय."

मामांना ते पटलं नाही. साळवे आपल्याला सांभाळून घेतायत, एवढंच त्यांना वाटलं.

मशीन पुन्हा लागलं, पण मामांनी कीबोर्डला हात लावणं सोडलं. शेजारच्या खतवाल्याला बोलावून ते आकडे टाकून घ्यायला लागले. शिकणं तर थांबलंच. हे संचालकांच्या कानावर गेलं असतं तर मामांची नोकरी संपली होती.

महिनाभर मला कुठेच धड बसवेना. शेवटी एका रविवारी जालन्यातच मस्तगड भागात साळव्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. एक खाट, एक स्टोव्ह, एक कॉम्प्युटर. डोळ्यांवर पांढऱ्या पातळ फडक्याची पट्टी बांधून साळवे कीबोर्डवर बोटं चाचपत होते.

"कोण?"

"मी. हे काय चाललंय?"

"मामांना कितपत दिसत असंल ते बघून राह्यलो. तिसऱ्या पडद्यावर बोट घसरतं. का घसरतं ते सापडत न्हाई."

"किती दिवस करताय हे?"

"दर रविवारी. मला तरी दुसरं कोण हाय वाट बघणारं?"

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "साळवे, प्लग मी काढला होता."

"माहीत हाय." त्यांनी पट्टी सोडली नाही. "मला सांगून काय फायदा? तिकडं एक माणूस सोताच्याच बोटांना भिऊन राह्यलाय."

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं टेंभुर्णीला गेलो. मी सगळं सांगितलं.  मामा हात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "म्हंजी बोट माझं ठीक व्हतं?"

"बिलकुल ठीक होतं, मामा."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी धोतराला बोटं पुसली आणि खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही बाहेर थांबा, साहेब. साळवे, तू बस."

मी ओट्यावर बसलो. आतून कळांचा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. मग एकदा फार वेळ आलाच नाही. मी उठून उभा राहिलो.

"असू द्या, मामा," साळवे आत म्हणत होते. "मी पण हितंच चुकतो."