ओळख दाखवायची नाही

माणसांवर प्रयोग करावा तर मीच! हे माझ्याबद्दल मी नाही, आमचे सर म्हणायचे, आणि सर सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाहीत. मी मानसशास्त्र विभागात संशोधन करते. आमच्याकडे ना सुई, ना औषध, ना विजेचा झटका. माणसाला खुर्चीत बसवायचं, चहा द्यायचा आणि तो कसा वागतो ते बघायचं. यात कुणाचं काय वाकडं होणार, असं ठणकावून सांगून मी नीतिसमितीची परवानगी आणली होती! समितीच्या बाई तेवढ्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण खोटं सांगणार आहात ना?"

"थोडंसंच हो! प्रयोग संपला की सगळ्यांना एकदमच खरं काय ते सांगणार."

खोटं असं होतं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना 'स्मरणशक्तीची चाचणी' म्हणून दर आठवड्याला बोलवायचं. आधी बाहेरच्या खोलीत थांबवायचं. तिथे चाचणीलाच आलेले आणखी एक गृहस्थ असतात. ते गप्पा मारतात, हसवतात, जीव लावतात. ते गृहस्थ म्हणजे आमचा नट! शेवटच्या आठवड्यात हाच माणूस ओळखच दाखवत नाही. कुणी असं झिडकारलं की माणसाच्या स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हे सरांना मोजायचं होतं. मी भिंतीतल्या आरशामागे बसून सगळं टिपून घ्यायचं. तो आरसा आमच्या बाजूने नुसती काच असतो.

नट हौशी नाटक मंडळीतला, पण हाडाचा कलावंत. 'निवृत्त पोस्टमास्तर, बायको वारलेली' एवढं सांगितलं, तर पठ्ठ्याने बायकोचा आजारही स्वतःच ठरवून टाकला!

सगळं छान चाललं असतं, पण एक आजोबा अचानक मुलीकडे राहायला गेले आणि एक खुर्ची रिकामी पडली. सर धुमसायला लागले. माझ्या घरात माझे सासरे होते. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे. सासूबाई गेल्यापासून ते बंद टीव्हीसमोर बसून राहायचे, आणि आपण टीव्ही लावून दिला की उठून जायचे.

नवरा म्हणाला, "अगं, बाबांनाच ने की! तेवढेच घराबाहेर पडतील."

प्रयोगात नातेवाईक घ्यायचे नाहीत, हा नियम मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते! पण म्हटलं, मी नातं सांगितलंच नाही तर कळणार कुणाला? बाबांपुढे संमतीचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचलाही नाही.

"बाबा, एकदा नजर तरी टाका."

"तू आणलायस ना? मग त्यात काय बघायचं?" म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

पहिल्या दिवशी बाबा आणि नट छताकडे बघत बसले. मग नट म्हणाला, "इथली लिफ्ट फार आवाज करते हो." झालं! बाबा जे सुरू झाले, ते चाचणीला आत बोलावलं तरी उठेनात. पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढी केली. त्याच्या पुढच्या आठवड्यात शर्टाला इस्त्री केली आणि मला विचारलं, "पोस्टमास्तरांना गोड चालतं का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत! आरशामागून मी बघितलं, तर बाबा बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होते. आमच्याजवळ एक अक्षर काढलं नव्हतं त्यांनी! नट त्यांचा हात हातात घेऊन ऐकत होता. मी पेन खाली ठेवलं.

घरात आनंदीआनंद! बाबा टीव्ही लावायला लागले, इतकंच नव्हे तर बातम्या देणाऱ्यांशी भांडायलाही लागले. नवरा म्हणाला, "तुझ्या प्रयोगाने बाबा परत आणले!" मी हसले आणि कॅलेंडरकडे बघितलं. शेवटचा आठवडा जवळ आला होता.

मी नटाला बाजूला घेतलं. "या लिफ्टवाल्यांशी जरा सौम्य वागाल का?"

"मॅडम, भूमिका म्हणजे भूमिका! त्यात सौम्य-बिम्य काही नसतं."

तरी मी रेटलं असतं, पण नेमके शेवटच्या चाचणीच्या दिवशी सर स्वतः आरशामागे येऊन बसले! आता तोंड उघडायचं तर नातं सांगावं लागणार. मी वही उघडली.

बाबा खाऊचा डबा घेऊन आत आले. "काय पोस्टमास्तर!"

नटाने मान वर केली. "माफ करा, आपली ओळख?"

"अहो मी! लिफ्टवाला!"

"काहीतरी गैरसमज होतोय तुमचा." आणि त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

सर माझ्या कानात म्हणाले, "अप्रतिम!" बाबा मात्र रागावले नाहीत की खट्टू झाले नाहीत. ते नटाकडे डोळे बारीक करून बघत राहिले, मग हळूच त्याच्या शेजारी जाऊन बसले. चाचणी संपल्यावर बाहेर येऊन मला म्हणाले, "बिचाऱ्याची स्मरणशक्ती गेली गं. म्हणून तर येत होता इथे. मीच मूर्ख, लक्षात नाही आलं माझ्या. याला एकट्याला घरी पाठवू नका!"

आम्हीच त्यांना स्मरणशक्तीची चाचणी म्हणून आणलं होतं! मी तोंड उघडेपर्यंत बाबा जिना उतरून गेले होते.

थोड्याच वेळात नटाचा फोन, दबक्या आवाजात. "मॅडम, ते माझ्याच बसमध्ये चढलेत! कंडक्टरला सांगतायत, यांना योग्य स्टॉपवर उतरवा, विसरायला होतं यांना! काय करू?"

"ओळख दाखवू नका!" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. आणखी कितीतरी जणांचा प्रयोग बाकी होता ना! एकाला खरं कळलं की सगळ्यांना कळणार. तेव्हा मला हेच महत्त्वाचं वाटलं, काय सांगू.

नट पुढे, बाबा मागे, अशी वरात नटाच्या दारात पोचली. दार एका बाईंनी उघडलं.

बाबा म्हणाले, "ताई, यांना सांभाळा. आज मलाही ओळखलं नाही त्यांनी. बायको गेल्यापासून एकटेच असतात ना?"

"कुणाची बायको गेली?"

"यांची."

"मी यांची बायको!"

बाबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अरेरे! म्हणजे तुम्हालाही विसरले!"

आता बायकोच ती! काल आणायला सांगितलेला साबण नवऱ्याने आणलेला नाही, परवा गॅस चालू ठेवून गेला, हे सगळं तिला तिथल्या तिथे आठवलं! नट ओरडून सांगत होता, "अगं, ते नाटक होतं!" ती रडत म्हणाली, "बघा, आता सगळंच नाटक वाटायला लागलं यांना." तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. वर नाटक मंडळींना फोन केला की यांच्या आता संवाद लक्षात राहायचे नाहीत. मंडळींनी लगेच त्याची भूमिका काढून दुसऱ्याला दिली!

दुसऱ्या दिवशी नट विभागात आला तो तांडव करतच. "आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती हो मला!"

आरडाओरडा ऐकून सर बाहेर आले. मग मला सगळंच सांगावं लागलं. सर ओरडले, "सासरे? स्वतःचे सासरे? त्यांची माहिती काढून टाका. एक आकडा वापरायचा नाही त्यातला!" म्हणजे बाबांचं जे काही झालं, ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांसमोर बसले. ते नटासाठी औषधांच्या वेळा कशा लक्षात ठेवायच्या याचा विचार करत होते. मी सगळं सांगितलं. आरसा, पोस्टमास्तर, शेवटचा आठवडा. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे त्याला काही झालेलं नाही?"

"नाही बाबा. अगदी ठणठणीत आहेत ते."

"बरं झालं. मी घाबरलोच होतो." मग म्हणाले, "म्हणजे त्याने मला ओळखलं होतं."

एवढंच म्हणाले, आणि टीव्ही बंद केला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. वाटलं, बाबांनी चार शिव्या द्याव्यात. त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

रविवारी दाराची बेल वाजली. नट! कुणीही न बोलावता आला होता. हातात बिस्किटांचा पुडा. भूमिका गेलेली, बायको अजून त्याला रोज आजची तारीख विचारत होती, पण तो त्यासाठी नव्हता आला.

"बाबांना भेटायचंय," म्हणाला. "मॅडम, भूमिका ठीक आहे हो, पण गप्पा खऱ्याच होत्या. मला कुठे कोण इतकं सांगतं?"

बाबांनी त्याला आदराने बसवलं. पाणी दिलं. मग अगदी सभ्यपणे विचारलं, "आज किती वेळ बसायला सांगितलंय तुम्हाला?"

"कुणी नाही सांगितलं हो! मी आपणहून आलोय!"

"हो का? बरं, बरं."

नटाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. चांगला धिप्पाड माणूस, पण हुंदके देऊन रडायला लागला. बाबा लक्ष देऊन बघत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "वा! हे त्या दिवसापेक्षाही छान जमलं."

"बाबा, ते खरंच रडतायत हो!" मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "असं म्हणायचं ठरलंय का?"

मी चहा टाकते म्हणून आत गेले. चहा उकळून आटला, तरी बाहेर यायचा काही धीर झाला नाही.