कदमकाकांचा पंप

नव्वदच्या सुमारास आम्ही नेरूळला राहायला आलो, तेव्हापासून सकाळी गजर लावायची गरजच पडली नाही. कदमकाका होते ना! खालचा पंप चालू करून गच्चीवरची टाकी भरायची, पाणी सोडायचं आणि तळमजल्यापासून एकेका दाराची बेल वाजवत वर जायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. "पाणी सोडलंय, भरून घ्या," एवढं सांगून थांबतील तर शपथ! कुणाच्या पोराचा ताप उतरला का, कुणाची सून माहेराहून आली का, सगळी चौकशी व्हायची. चहा विचारला की ठरलेलं उत्तर, "नको, वरचे मजले राहिलेत."

आणि असा हा माणूस यंत्रांचा परमभक्त! तळोज्याच्या एका कारखान्यात ते व्हॉल्व्ह फिरवायचे. तिथे ऑटोमॅटिक यंत्र आलं आणि काकांना मुदतीआधीच घरी बसवलं. तर या गृहस्थांनी निघताना यंत्राला हार घालून पेढे वाटले. युनियनवाल्यांनी कपाळाला हात लावला. "त्याच्यावर कशाला राग काढायचा?" काका म्हणाले, "ते बिचारं नवीन लागलंय."

पुढे सगळं ऑटोमॅटिक होणार, हा त्यांचा जप. यंत्र भाजी चिरणार, सोसायटीच्या मीटिंगला जाऊन भांडणसुद्धा यंत्रच करणार; माणसाने नुसतं पाय पसरून गप्पा मारायच्या. आम्ही हसायचो. पण पंपाला ऑटोमॅटिक स्विच बसवा म्हणून कमिटीमागे भुणभुण लावली ती त्यांनीच. बसवला एकदाचा. नारळही काकांनीच फोडला. टाकी आपोआप भरू लागली, नळ सोडला की पाणी. सगळे खूश.

दुसऱ्या दिवसापासून बेल वाजेना. काका तळमजल्यावरच्या आमच्या दारासमोरच्या पायरीवर, पंपाच्या खोलीकडे तोंड करून बसलेले दिसायचे. काकू केव्हाच गेलेल्या, मुलगा तिकडे बडोद्याला. गप्पा मारायला वेळच वेळ, पण समोर माणूस नाही. काय करावं ते मला काही सुचेना. आमच्या घरात सुचतं ते नेहमी बायकोला.

एका सकाळी ती सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"काका, टाकी यंत्राने भरली असेल हो. पण पाणी आलंय हे आम्हाला कोण सांगणार?"

मागे आमच्या मोरीत नळ धो धो चालू. आवाज पायरीपर्यंत ऐकू येत होता. काकांनी तो ऐकला, मग तिच्याकडे बघितलं.

"एवढी एक खोट आहे बघ त्या यंत्रात," ते म्हणाले. "जिना चढत नाही ते."

"मग बसा, चहा टाकते."

"नको," कठड्याला धरून काका उठले. "वरचे मजले राहिलेत."