उदाहरणादाखल बायको

टेबलावर चोवीस कार्डं पसरलेली होती आणि त्यांच्या पलीकडे बायको बसली होती. दोघांमधला चहा केव्हाच निवून गेला होता. नवऱ्याने दोनदा घसा साफ केला, पण साफ झालेल्या घशातून काढण्याजोगे एकही वाक्य त्याला सापडले नाही. एरवी शब्द सापडणे हाच त्याचा धंदा होता.

तो शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होता. इंग्रजीतल्या धावपळीच्या क्रियापदांचा विभाग अकरा महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्यात पडला होता: बस्ल, हसल, स्करी, स्कटल, डॅश आणि त्यांचे सगळे गणगोत. तो स्वतः बुटाची नाडी बांधायलाही मुहूर्त पाहणारा माणूस. त्यात कचेरीचा दंडक असा, की प्रत्येक उदाहरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले हवे; दुसऱ्या पुस्तकातून उचललेले चालणार नाही. आता घाई पाहायला जायचे कुठे? ती तर घरातच होती, सकाळी सहापासून, खुर्चीतून न उठता दिसेल अशी. तो गुडघ्यावर कार्ड ठेवून बसे आणि पाहून घेई. तो काम करतो आहे असे समजून बायको त्याच्या पायांखालून हलक्या हाताने केर काढी.

"'बस्ल'," तिने अखेर एक कार्ड उचलले. "'पुष्कळ हालचाल, फळ बेताचे. उदाहरणार्थ, बायको सकाळपासून घरभर लगबग करते.' फळ बेताचं?"

"अगं, तो शब्दाचा अर्थ आहे. तुझा नाही."

"आणि उदाहरण?"

"उदाहरण... तुझं आहे."

"'स्कटल. झुरळासारखे तुरुतुरु पळणे. पाहुण्यांची चाहूल लागताच बायको केस सारखे करायला आत सटकली.' अहो, मी काय झुरळ आहे? आणि मी आत गेले, तेव्हा त्या पाहुण्यांना दार कोणी उघडलं? तुम्ही?"

"नाही. ते बराच वेळ बाहेर होते."

बायकोने कार्ड खाली ठेवले. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे, असे त्याला वाटून गेले.

"हे छापायला गेलंय?"

"काल."

"मग ऐका. मी अशी छापून आले, तर या टेबलाशी तुमच्यासमोर पुन्हा बसणार नाही. चहा करून ठेवीन, पण प्यायचा तुमचा तुम्ही."

सव्वीस वर्षांच्या संसारात ती दोघे समोरासमोर बसत ती एवढ्याच वेळी, सकाळची बारा-पंधरा मिनिटे. ती मिनिटे गेली, तर घरात उरणार होती ती खुर्ची आणि तो. मोज्यांशिवाय बूट चढवून तो छापखान्याकडे पळत सुटला. वाटेत आपण नेमके कोणते क्रियापद करतो आहोत असा विचार त्याच्या मनात आलाच, आणि त्याची त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्याने पडद्यावरची नजर न हलवता ऐकून घेतले. "एकेक वाक्य हुडकायला वेळ नाही, साहेब. तासाभरात पानं तपासायला जायचीत. पण एका दमात सगळीकडचा शब्द बदलून देतो. 'बायको' काढू. तिच्या जागी काय घालू?"

लगबग आणि धांदल यांतला फरक ठरवायला ज्याने तीन आठवडे घेतले होते, त्याला मिनिटभरात बायकोचा पर्याय सुचवायचा होता. "कुणीही," तो घाम पुसत म्हणाला. "कचेरीतलं कुणीही घाला."

अक्षरजुळणी करणाऱ्याने समोर पडलेल्या, कचेरीच्या मागणीपत्रावरची सही पाहिली; तिच्याखालचा हुद्दा तेवढा त्याला वाचता आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुख्य संपादकांनी त्याला आत बोलावले. सत्तरीचे, अविवाहित आणि पूर्ण टक्कल पडलेले ते गृहस्थ पानांच्या गठ्ठ्यामागे ताठ बसले होते.

"'पाहुण्यांची चाहूल लागताच मुख्य संपादक केस सारखे करायला आत सटकली'," त्यांनी वाचले. "आपण हे कोणत्या साली पाहिलेत?"

"साहेब, ती अक्षरजुळणीची..."

"थांबा. हे इतरांच्या विभागांतही पसरले आहे. पान एकशे बारावर मी रुसून माहेरी गेली आहे. एकशे चाळीसवर एका विधुराने मुख्य संपादकशी दुसरा संसार थाटला आहे. सुखाने, असेही लिहिले आहे."

मग सगळे सांगणे भागच पडले. मुख्य संपादकांनी मूळ वाक्ये शांतपणे चाळली.

"चोवीस शब्द. चोवीसांतही पत्नी. आपण कोठे आहात?"

"मी... समोर बसलेला."

म्हाताऱ्याने मूळ वाक्ये त्याच्याकडे परत सरकवली. "जिच्यावर उदाहरण, तिची संमती. प्रत्येक कार्डावर सही आणा. नाहीतर हा विभाग दुसऱ्याकडे जाईल."

संध्याकाळी त्याने तीच कार्डं पुन्हा टेबलावर ठेवली. जे पुसायला धावला होता, त्याच्यावरच सह्या मागताना मान वर करवत नव्हती. तिने सगळे ऐकले. माहेरी गेलेल्या संपादकांपाशी तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तिने पेन्सिल मागितली.

'बस्ल'मधले 'फळ बेताचे' खोडून तिने लिहिले: 'फळ दुसऱ्याच्या ताटात.' 'डॅश'मध्ये बायको दाराकडे धावत होती. पुढे भर पडली: 'कारण दुसरे कुणी उठत नाही.' प्रत्येक दुरुस्तीखाली ठसठशीत सही. तेवीस कार्डं संपली, आणि त्याला मनातल्या मनात मान्य करावे लागले की विभाग आता कुठे वाचण्याजोगा झाला आहे.

चोविसाव्यावर तिची पेन्सिल थांबली.

"'स्कँपर. आनंदाने, हलक्या पावलांनी पळत सुटणे. बायको दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली.'" तिने मान वर केली. "हे कधी पाहिलंत?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी कामावरून यायचो, तू वरून पाहायचीस आणि..."

"तुम्ही खाली उभे असायचात."

"हो. तेव्हा मला बसायला खुर्ची नव्हती."

ती हसली नाही. "मग बंद कधी झालं?"

तो आठवू लागला. तिची प्रत्येक धावपळ त्याच्याकडे तारीखवार नोंदलेली होती. हे थांबल्याचा दिवस मात्र कुठेच नव्हता. "लक्षात नाही आलं गं," तो म्हणाला. "मी बहुतेक लिहीत असेन."

रस्त्यावरून कुणाची तरी पावले भराभर गेली आणि विरली. त्याने ते कार्ड हळूच तिच्यापुढे सरकवले.

"उद्या कामावरून येऊन मी खाली थांबलो, तर उतरशील?"

तिने ते कार्ड सहीविना तसेच राहू दिले, पेन्सिल बाकीच्या तेवीस कार्डांवर आडवी ठेवली, खुर्ची मागे सारली आणि आतल्या खोलीकडे चालू लागली, अजिबात घाई न करता.